समाजमाध्यमे आणि साक्षीची जबाबदारी

निवडणुकीचे दिवस आले की घराघरांतील मोबाईल रात्री उशिरापर्यंत वाजत राहतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाषणांच्या चित्रफिती, आकडे, आरोप आणि इशारे यांचा पाऊस पडतो. त्यांतील एखादा संदेश वाचून आपण अस्वस्थ होतो आणि क्षणार्धात तो पुढे पाठवतो. ‘मी कुठे लिहिले? आले ते पाठवले,’ असे आपण मनाला समजावतो. ईमान बाळगणाऱ्या व्यक्तीला हे समाधान पुरेसे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बोलणे हेही कर्तव्य

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. राजकारणापासून दूर राहून मौन पाळणे म्हणजेच धर्मपरायणता, असे काहींना वाटते. पवित्र कुरआनची शिकवण अशी नाही. साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरते, असे सूरह बकरामध्ये (२:२८३) सांगितले आहे. सूरह निसामध्ये (४:१३५) ईमानधारकांना न्यायावर ठाम उभे राहण्याची व अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. मदीनेतील खौला बिन्त सअलबा (रजि.) या एक सामान्य महिला. पतीच्या वागणुकीची तक्रार घेऊन त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या आणि आग्रहाने आपले म्हणणे मांडत राहिल्या. अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकले, या उल्लेखानेच सूरह मुजादिलाचा प्रारंभ होतो. दुर्बलाचा आवाज इस्लामने किती मोलाचा मानला, हे यावरून कळते.

आपल्या देशाच्या संविधानाने अनुच्छेद १९(१)(क) अन्वये प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत मांडले म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ते ‘लाईक’ केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यानंतर विधी शाखेच्या विद्यार्थिनी श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. म्हणून आपल्या मुलामुलींना केवळ भीतीपोटी गप्प बसवणे योग्य नाही. मात्र बदनामी आणि हिंसेला चिथावणी यांना कायद्यात मोकळीक नाही, आणि शरीअतमध्ये तर मुळीच नाही.

दोन बहिणींचा धडा

आदरणीय आयेशा (रजि.) यांच्यावर दांभिकांनी किटाळ घेतले, तेव्हा मदीनेत सुमारे महिनाभर ती कुजबुज चालू होती. ती रचणारे थोडे होते. पुढे पोहोचवणाऱ्यांत मात्र काही प्रामाणिक ईमानधारकही सापडले. त्यांत हमना बिन्त जहश (रजि.) होत्या. त्यांच्या भगिनी झैनब (रजि.) या प्रेषितांच्या पत्नी, आणि बहिणीच्या कैवारापोटी हमना (रजि.) त्या बोलण्यात ओढल्या गेल्या. प्रेषितांनी स्वतः झैनब (रजि.) यांना विचारले, तेव्हा मात्र त्यांनी आपले कान व डोळे जपत, आयेशा (रजि.) यांच्याविषयी चांगल्याखेरीज काहीही ठाऊक नसल्याचे सांगितले. सवतीची बदनामी त्यांच्या पथ्यावर पडली असती. तरीही त्यांनी असत्याला थारा दिला नाही.

आजच्या पक्षीय वादात हा प्रसंग आपल्याला आरसा दाखवतो. आपल्या बाजूला लाभ होतो म्हणून खोटी गोष्ट पुढे ढकलण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. ज्याचे ज्ञान नाही ते तोंडाने बोलणे लोकांना क्षुल्लक वाटले, परंतु अल्लाहजवळ ती फार गंभीर बाब होती, असे सूरह नूर (२४:१५) बजावते. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा आशय सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आला आहे.

अफवेची किंमत

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. यंत्राने घातलेली मर्यादा उपयोगी खरी. पण ईमानधारकाची मर्यादा त्याच्या अंतःकरणात असली पाहिजे. खातरजमा न केल्यास अजाणतेपणी कुणाला इजा पोहोचेल व नंतर पश्चात्ताप करावा लागेल, असा इशारा सूरह हुजुरातने (४९:६) दिलेला आहे.

खोट्या संदेशांची झळ आपल्या समाजानेही सोसली आहे. म्हणूनच इतरांविषयी असत्य पसरवणे आपल्याला अधिकच अशोभनीय ठरते. एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला अन्यायास प्रवृत्त न करो, ही सूरह माइदाची (५:८) आज्ञा विरोधी पक्षाच्या उमेदवारालाही लागू आहे. त्याच्या भाषणाचा मधलाच तुकडा तोडून दाखवणे ही खोटी साक्ष होय.

पडद्यापलीकडचा सहभाग

रात्रभर वाद घालणाऱ्या तरुणाचे नाव मतदार यादीत नसेल, तर त्या वादाचा उपयोग काय? वयाची १८ वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरून नाव नोंदवावे, पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा, ग्रामसभेला जावे, रस्त्याची वा शाळेची तक्रार लेखी द्यावी. समाजमाध्यम या कामांना साहाय्यभूत ठरू शकते. त्यांची जागा घेऊ शकत नाही. परस्पर सल्लामसलतीने कारभार करणे हे ईमानधारकांचे लक्षण असल्याचे सूरह शूरामध्ये (४२:३८) सांगितले आहे, आणि सल्लामसलतीसाठी माणसाला उपस्थित राहावे लागते.

घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांसमवेत बसून एक नियम ठरवावा. संदेश पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हे कोणी सांगितले? मी ते पडताळले काय? यात कुणाच्या अब्रूला वा जिवाला धोका आहे काय? आणि उद्या अल्लाहसमोर हीच साक्ष मी देऊ शकेन काय? चुकीचा संदेश गेलाच, तर त्याच ग्रुपवर चूक कबूल करावी. त्यात कमीपणा नाही. तौबेचाच तो एक भाग आहे.

कान, डोळे आणि हृदय या सर्वांबाबत जाब विचारला जाईल (१७:३६). बोटेही त्या दिवशी मूक राहणार नाहीत. अल्लाह आपणा सर्वांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि असत्यापासून थांबण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.