खंडित सराव आणि बलसंजनन : पर्वतारोहणाच्या उमेदवाराची ज्वरोत्तर चिकित्सा

उंच पर्वतावरील आरोहण हा विषय खानदेशातील वैद्याच्या चिकित्सालयात पूर्वी क्वचितच येत असे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट शिखर गाठले, तेव्हा आपल्याकडे ते वृत्तपत्रातील कौतुकापुरते राहिले. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी त्याच शिखरावर पोहोचले आणि ही वाट पुण्या-मुंबईच्या पलीकडच्या मुलांनाही आपली वाटू लागली. आता साक्री, पिंपळनेरकडील तरुण उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतील सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी तयारी करताना आढळतात. त्यांतील काहीजण ऐन तयारीत आजारी पडून आपल्याकडे येतात, आणि त्यांचा प्रश्न नेहमी एकच असतो : "डॉक्टरसाहेब, तारखेपर्यंत उभा राहीन ना?"

या प्रश्नाला तारखेच्या अंगाने उत्तर देऊ नये, असे आमचे मत आहे. त्याची कारणमीमांसा येथे करीत आहोत.

या उमेदवाराला आडवे करणारे व्याधी आपल्या परिचयाचेच आहेत. विषमज्वर, डेंग्यू आणि २००६ च्या साथीपासून घराघरांत ठाऊक झालेला चिकुनगुनिया. त्यांच्या जोडीला उतारावर मुरगळलेला घोटा. ज्वर आठवड्यात उतरतो. उमेदवार दहाव्या दिवशी पुन्हा पाठीवर ओझे घेतो आणि पंधराव्या दिवशी धाप, अंगमर्द, अरुची व निद्रानाश घेऊन परत येतो. आमच्या पाहण्यात मूळ आजारापेक्षा ही दुसरी खेप अधिक दिवस खाते.

चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत याविषयी स्पष्ट आदेश दिला आहे. ज्वरमुक्त झालेल्याने बल परत येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फार हिंडणे टाळावे, अन्यथा ज्वर पुन्हा उलटतो. येथे मर्यादा दिवसांची नसून बलाची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आधुनिक शास्त्राचीही साक्ष याच बाजूची आहे. विषाणुजन्य ज्वरानंतर काहींच्या हृदयाच्या स्नायूंना शोथ येतो आणि त्या अवस्थेत केलेला तीव्र श्रम प्राणघातक ठरू शकतो. असा शोथ निश्चित झाला, तर खेळाडूला सामान्यतः तीन ते सहा महिने श्रमापासून दूर ठेवतात. म्हणून ज्वरानंतर छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या जिन्यावर धाप लागणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर काढे देत न बसता इसीजी काढून रुग्णास धुळ्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. डेंग्यूत प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत ओझे व चढाई दोन्ही वर्ज्य समजावीत.

बलाचा विचार

सहज, कालज आणि युक्तिकृत अशा त्रिविध बलांपैकी आजाराने मुख्यतः तिसरे हरपते. आहार-व्यायामाने कमावलेले हे बल तशाच युक्तीने पुन्हा कमावता येते, हे रुग्णाला आवर्जून सांगावे, कारण त्याची खरी भीती 'सगळे गेले' हीच असते. सराव थांबल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवभाग घटतो आणि दोन-तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरते. हानी आहे, पण सर्वनाश नव्हे.

कालज बलाचा मुद्दा मात्र आपल्या प्रदेशात विशेष गंभीर आहे. मे महिन्यातील प्रशिक्षणाची तयारी मार्च-एप्रिलमध्ये येते. तो आदानकाल. साक्रीत पारा चाळीशी ओलांडत असतो आणि वाग्भटाचार्यांनी शीतकाल व वसंत वगळता व्यायाम मंदच ठेवावा असे सांगितले आहे. नुकताच ज्वरातून उठलेला मुलगा एप्रिलच्या दुपारी सुरत महामार्गाच्या कडेने धावतो, तेव्हा तो बल मिळवीत नसून उरलेले जाळीत असतो. सराव पहाटेच उरकावा. शक्य असल्यास अशा उमेदवाराने शरदातील तुकडीत नाव घालावे. पावसाळ्यानंतरचे शरीर आणि समोर येणारा शीतकाल हे दोन्ही त्याच्या बाजूचे असतात.

अर्धशक्तीची लक्षणे आपण पाठ केलेली आहेतच : हृदयस्थ वायू मुखाने येऊ लागणे, काख, कपाळ, नाक व सांधे यांवर स्वेद, मुखशोष. यांपैकी स्वेदावर खानदेशात विसंबता येत नाही. एप्रिलमध्ये तो नुसता उभ्या माणसालाही येतो! श्वासाचे लक्षण मात्र कोणत्याही ऋतूत खरे ठरते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले तर गती योग्य, वाक्य तुटले की थांबावे. जोडीला रोज पहाटे अंथरुणात नाडी मोजून वहीत लिहावी. ती नेहमीपेक्षा दहाने वाढलेली असेल, तर त्या दिवशी विश्रांती.

चिकित्सा व क्रम

प्रथम अग्नी. पेया, विलेपी, मुगाचे यूष या क्रमाने लघु आहार, भूक स्पष्ट लागल्यावर ज्वारीची किंवा नागलीची भाकरी, मग दूध-तूप. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी यांना या काळात रजा द्यावी, घरच्यांचा आग्रह कितीही असला तरी. गुडूची, संशमनी वटी, अमृतारिष्ट यांनी ज्वराचा अनुबंध तोडावा. अश्वगंधा, च्यवनप्राश आदी रसायने जिभेवरचा साम लेप गेल्यानंतरच. मंदाग्नीत दिलेले रसायन गौरव वाढवते. चिकुनगुनियानंतर सांधे धरलेले असल्यास योगराज गुग्गुळ, महानारायण तेलाचा अभ्यंग आणि मृदू स्वेद उपयोगी पडतात. मात्र सांध्याला सूज असेपर्यंत उतार चालू नये, गुडघ्यावर भार उतरतानाच अधिक येतो. स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश सावरतात, म्हणून मुरगळलेला घोटा दुखायचा थांबला म्हणजे तयार झाला असे नव्हे. त्या एका पायावर डोळे मिटून स्थिर उभे राहता येते का, ते पाहावे.

हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. उंचीवर शरीराला नवे रक्तकण घडवावे लागतात आणि लोह कमी असल्यास ते साधत नाही. पांडुत्व आढळल्यास पुनर्नवा मंडूर, लोहासव यांची योजना करून पुन्हा तपासणी करावी.

चालण्याचा क्रम असा ठेवावा : आधी कान नदीकाठचे सपाट चालणे, मग ओझ्याविना भामेरचा किल्ला, आणि नाडी व भूक दोन्ही स्थिर राहिल्यावर साल्हेर. पाठीवरचे ओझे सर्वांत शेवटी. साल्हेरची उंची १५६७ मीटर, कळसूबाईची १६४६. विरळ हवेचे विकार साधारणतः २५०० मीटरनंतर दिसू लागतात. अर्थात महाराष्ट्रात कितीही चढाई केली तरी पाय व फुप्फुसे तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती तिथेच, सावकाश लागते. ३००० मीटरवर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. श्वसनमार्गाचा संसर्ग अंगात असताना उंची गाठणाऱ्यास फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो, हे उमेदवाराच्या पालकांसमोर सांगावे. डोकेदुखीसह तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांवर तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे, आणि आपल्या कोणत्याही कल्पाने तो टाळता येईल असा समज देऊ नये.

मानसिक बाजू औषधाहून अवघड असते. महाराष्ट्र पोलीस दलातील औरंगाबादचे शेख रफिक यांचे उदाहरण आम्ही रुग्णांना देतो. २०१४ मध्ये खुंबू हिमप्रपातात १६ जणांचा बळी घेणारी हिमदरड कोसळली, २०१५ मध्ये नेपाळचा भूकंप झाला. दोन्ही वर्षी त्यांना एव्हरेस्टच्या पायथ्याहून परतावे लागले आणि मे २०१६ मध्ये ते शिखरावर पोहोचले. त्यांचा अडथळा शरीराबाहेरचा होता, हे खरे. पण दोन वर्षे वाट पाहणाऱ्याचे उदाहरण समोर असले की सहा महिने थांबायला सांगितलेला मुलगा निदान ऐकून तरी घेतो.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

'स्टॅमिना'साठी काही द्या म्हणणारा ग्राहक थेट तुमच्याकडे येतो. त्याला नुकताच ताप येऊन गेला का, एवढे विचारून मगच वस्तू द्यावी. शिलाजतू हिमालयातून येते म्हणून हिमालयात जाणाऱ्याने घ्यावेच, हे तर्कशास्त्र ग्राहकाचे असू द्यावे, आपले नसावे. लेबल नसलेल्या शक्तिवर्धक भुकट्या दुकानात ठेवू नयेत. अशा भुकट्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळलेली आहे. असे द्रव्य घेणाऱ्याला आरंभी तरतरी वाटते आणि ते मध्येच बंद पडले की बल एकाएकी ढासळते, तेही कदाचित डोंगरावर. आसव-अरिष्टांत स्वजनित मद्यांश असतो. ती प्रवासाच्या पिशवीत न देता घरीच संपवायला सांगावे, उंचीवर मद्य वर्ज्य आहे.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. संस्थेच्या नमुन्यावर सही मागायला उमेदवार शेवटच्या आठवड्यात येतो, बहुधा वडिलांना घेऊन. त्या वेळी नाडीची वही मागावी, हिमोग्लोबिनचा कागद पाहावा, आणि नुकत्याच झालेल्या ज्वराची नोंद तारखेसह नमुन्यात करावी. ती नोंद गाळण्याची विनंती होते. ती मान्य करू नये.