तळणीचे उरलेले तेल आणि बायोडिझेल

विद्यार्थी मित्रहो, बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानानंतर कढईत उरलेले काळपट तेल मोरीत तरी जाते, नाहीतर पुन्हा तळणीला. दोन्ही वाईट. तेलातील ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यास अयोग्य, असा नियम 1 जुलै 2018 पासून आपल्या देशात लागू आहे.

या तेलाचे बायोडिझेल होते. तेल गाळून, तापवून त्यातील पाणी घालवतात. 1 लिटर तेलास सुमारे 200 मिलिलिटर मिथेनॉल व 3.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वापरलेल्या तेलात आम्लता जास्त, म्हणून अनुमापन करून सोडा वाढवावा लागतो. पाणी राहिले तर इंधनाऐवजी साबण होतो! 55 अंशांवर ढवळून मिश्रण ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर राहते ते बायोडिझेल. ते धुऊन सुकवतात. आम्ही कला शाखेचे, तरी आम्हाला हे समजले. तुम्हाला कठीण नाही.

पण मिथेनॉल! जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती याच द्रवाने. गेली ती कष्टकरी वस्तीतली माणसे. शिवाय त्याची वाफ चटकन पेटते आणि ज्योत उजेडात दिसत नाही. एका खोलीच्या घरात, शेगडीशेजारी, मुले वावरत असताना हा उद्योग आम्हाला मुळीच मान्य नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांसमोर जरूर करा.

वस्तीने तूर्त तेल थंड करून, गाळून, झाकणाच्या कोरड्या डब्यात साठवावे व नोंदणीकृत संकलकास द्यावे.