पकडी करणाऱ्या मुलाचं पुढे काय?

पोरगा कबड्डी चांगली खेळतो, पण चढाईला जात नाही, कोपऱ्यात उभा राहून पकडी करतो. त्याला यात भवितव्य आहे का? अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारे पालक बरेच आहेत. त्यात दोन काळज्या मिसळलेल्या असतात. एक खेळावर पोट भरेल का ही, आणि दुसरी, टाळ्या-बक्षिसं चढाईपटूच घेऊन जातो ही. यातली दुसरी मनातून काढून टाका. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली आणि 2018 च्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू होता इराणचा फजल अत्राचली, डावा कोपरारक्षक. 2023 मध्ये पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले ते मोहम्मदरेझा शादलूसाठी, आणि त्याचीही ओळख पकडींचीच.

त्या मोसमात पलटणने 1 मार्च 2024 ला हैदराबादेत विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार होता आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार. अस्लम चढाया करतो आणि पकडीही. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इराणला 33-29 असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्याचा लीगमधला प्रवेश मोठ्या बोलीने झाला नाही. पलटणने त्याला नवोदित खेळाडू म्हणून घेतलं होतं. संघांना लिलावाबाहेर तरुण खेळाडू निवडता येतात, आणि बहुतेक मुलांसाठी खरा दरवाजा हाच असतो. लिलावातल्या शेवटच्या म्हणजे ‘ड’ गटाची मूळ किंमत अलीकडच्या मोसमांत 9 लाख रुपये आहे. पण यादीत नाव लागलं म्हणजे बोली लागली असं नाही. पाचशेच्या वर नावं असतात आणि संघ फक्त बारा.

या दरवाजापर्यंत जायचं कसं? शाळेत चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या शासकीय स्पर्धा आणि जिल्हा संघटनेचे किशोर-कुमार गट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुर्लक्ष होतं ते कॉलेजकडे. आपली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात. विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी ही वाट आहे. 2024 च्या प्रो कबड्डी लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या दोन्ही अंतिम संघांतले खेळाडू घेतले होते. म्हणजे कॉलेजच्या मॅटवरून थेट लिलावाच्या यादीत. म्हणून बारावीनंतर प्रवेश घेताना गुणांच्या यादीइतकंच हेही विचारा: कॉलेजात मॅट आहे का, संघ दरवर्षी उतरतो का, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी आणि परीक्षा कशी सांभाळतात? गावच्या मातीवर घोट्याची पकड घट्ट बसते, मॅटवर पाय निराळे सरकतात. ही सवय व्हायला महिने जातात, ते कॉलेजच्या पहिल्या वर्षातच घालवलेले बरे.

अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच आहे. तिथला बचावपटू विद्यापीठाच्या संघातून खेळतो आणि मग सात फेऱ्यांच्या निवडीत व्यावसायिक संघ त्याला उचलतात. पैसा अफाट, पण कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातले जेमतेम दोन तिथवर पोहोचतात. एवढा श्रीमंत खेळ असून तिथली विद्यापीठंही परीक्षेत ठरावीक प्रगती नसलेल्या खेळाडूला मैदानावर उतरू देत नाहीत. आपल्याकडे ‘एक तर खेळ, नाही तर शिक्षण’ असं घरात ठणकावून सांगितलं जातं, त्याने मुलाचं नुकसानच होतं. शिक्षण चालू असेपर्यंतच विद्यापीठाकडून खेळता येतं, हे ध्यानात घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: बचावपटूला वेळ द्या. चढाईपटूचा वेग विशीतच दिसतो. कोपरारक्षकाला चढाईपटूचा पाय कधी पुढे येणार हे ओळखायचं असतं, मध्यरक्षकाशी साखळी जुळवायची असते, तिघेच उरले असताना अव्वल पकडीसाठी झडप घालायची की चढाईपटूला रिकामं परत जाऊ द्यायचं हे क्षणात ठरवायचं असतं. हे शेकडो सामन्यांनी येतं आणि मग लवकर जातही नाही. धर्मराज चेरालाथन या बचावपटूने 2016 मध्ये चाळिशी ओलांडल्यावर पाटणा पायरेट्सला कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिलं. तेव्हा विसाव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका.

शरीराकडे मात्र फार डोळसपणे पाहा. पकडीत गुडघा आणि खांदा सर्वात आधी दुखावतो. मालिश करून ‘बसवून’ घेण्याच्या नादात अस्थिबंधाची दुखापत वाढते. सूज उतरत नसेल तर हाडांच्या डॉक्टरकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. अस्लमलाही गुडघ्याच्या दुखापतीमुळे 2024 चा मोसम अर्धवट सोडावा लागला, आणि तो परतला. वजनाचंही तसंच. पुरुष गटात 85 किलोची मर्यादा आहे, लहान गटांत तर ती फारच कमी. वजन काट्यावर बसावं म्हणून वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवणारा, पाणी तोडणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडून मुलाला काढून घ्या. जिममध्ये मिळणारी कुठलीही पावडर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. उत्तेजक चाचणीत सापडलेल्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नसते.

आता नोकरी. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल कबड्डीपटू घेतात. इथे मुलं हरतात ती कागदावर. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, पातळी कोणती, पदक मिळालं की नुसता सहभाग, हे सगळं तपासलं जातं. गावोगावच्या खुल्या स्पर्धांत रोख बक्षीस मिळतं, अनुभवही मिळतो, पण ते प्रमाणपत्र भरतीत चालत नाही. त्यामुळे जिल्हा निवड चाचणी किंवा विद्यापीठाची स्पर्धा एखाद्या खुल्या स्पर्धेच्या दिवशीच आली, तर बक्षिसाचा मोह सोडायचा. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते त्याच दिवशी पाहा. विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यायला वेळ लागतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पदक मिळालं त्याच वर्षी अर्ज टाका.