मॅटवर वैरी, बाजारात भागीदार : प्रो कबड्डीच्या १२ संघांकडून धंद्याचा एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक प्रश्न विचारला होता. तुमच्या दुकानासमोर तुमच्यासारखाच धंदा करणारा दुसरा माणूस आला, तर तो तुमचा कोण? पेण आणि रोह्याच्या बॅचमध्ये हाच प्रश्न विचारला तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "सर, शत्रू!" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझीच चूक सांगतो

ट्रेनर होण्याआधी माझं रोह्यात वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान होतं. जून महिना म्हणजे आमचा हंगाम. वर्षाची निम्मी कमाई त्या चार-पाच आठवड्यांत व्हायची. एका वर्षी समोरच तसंच दुकान उघडलं. त्याने वह्यांच्या डझनामागे दहा रुपये कमी केले, मी पंधरा केले. त्याने कव्हरं फुकट दिली, मी कव्हरं आणि लेबलं दोन्ही फुकट दिली. गिऱ्हाईक खूश, आम्ही दोघे रात्री गल्ला मोजताना गप्प.

तिसऱ्या जूनला काय झालं ऐका. माल भरायला दोघांकडेही पैसे नव्हते. माझ्याकडे आठवीची पुस्तकं नाहीत, त्याच्याकडे पाचवीची नाहीत. पालक म्हणाले, कशाला इथे चकरा मारायच्या? रोह्याहून गाडी पकडून पनवेलला गेले आणि एका फेरीत सगळं घेऊन आले. मी समोरच्याला हरवायला निघालो होतो आणि शेवटी रोह्याचं गिऱ्हाईकच रोह्यातून घालवून बसलो. दोन्ही दुकानं बंद झाली. तेव्हा मला जे कळलं नाही, ते पुढे कबड्डी बघताना कळलं.

लीग म्हणजे नक्की काय विकतात?

कबड्डी आपल्याला नवीन नाही. पेण, अलिबाग, रोह्याकडे गावागावात संघ आहेत, आणि दिवाळीनंतर प्रकाशझोतातले सामने सुरू झाले की मैदानाभोवती उभं राहायला जागा मिळत नाही. पण गावचा सामना एका रात्रीचा. बक्षीस वाटलं की मंडप उतरतो.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. ८ संघ होते. ३१ ऑगस्टला मुंबईत पहिली फायनल झाली, जयपूर पिंक पँथर्सने आपल्या यू मुंबाला ३५-२४ ने हरवलं. २०१७ मध्ये ४ संघ वाढले आणि एकूण १२ झाले. त्या चारांपैकी हरयाणा स्टीलर्स हा जेएसडब्ल्यूचा संघ, म्हणजे आपल्या पेण तालुक्यात डोलवीला ज्यांचा पोलाद कारखाना आहे त्याच समूहाचा.

आता विचार करा. पुणेरी पलटण काय विकते? कबड्डी? नाही. एकटी पलटण मॅटवर उतरली तर तो फक्त सराव. तिकीट कोण काढणार? विकला जातो तो सामना, आणि सामन्याला दुसरा संघ लागतोच. पलटणने उद्या बाकीचे ११ संघ बंद पाडले, तर त्याच दिवशी पलटणही बंद पडेल.

हे फक्त कबड्डीत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात खाणीत आणि गिरणीत काम करणारी माणसं रग्बी खेळायची. शनिवारी सामन्याला गेलं की मजुरी बुडायची, आणि खेळाच्या वरिष्ठ संस्थेला ती भरून देणं मान्य नव्हतं. एकट्या क्लबचं तिथे काही चाललं नसतं. म्हणून २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लब एकत्र बसले आणि वेगळी संघटना काढली. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला ६ शिलिंगपर्यंत द्यायची मुभा त्यांनी दिली. पुढे १९०६ मध्ये संघातले खेळाडू १५ वरून १३ केले, खेळ वेगवान झाला. आजची रग्बी लीग ती हीच. शनिवारी एकमेकांना जमिनीवर आपटणारे क्लब, पण टेबलावर एकत्र बसले म्हणून सव्वाशे वर्षांहून जास्त टिकले.

काय एकत्र, काय स्वतंत्र?

आता मुद्द्याचं बोलू. लीगमधले संघ काही गोष्टी एकत्र करतात आणि काही गोष्टींत जीव तोडून स्पर्धा करतात. दोन्हींची सरमिसळ करत नाहीत.

एकत्र काय? वेळापत्रक एक. नियम आणि पंच एक. टीव्हीचा करार लीगचा, त्या उत्पन्नात संघांचा वाटा. आणि खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा सगळ्यांना सारखी. दहाव्या हंगामात ती प्रत्येक संघाला ५ कोटी रुपये होती. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू तोच घेऊन जाऊ शकत नाही. स्पर्धा जिवंत राहते.

स्वतंत्र काय? संघ कसा बांधायचा, कोच कोण, नवी मुलं कशी घडवायची.

या दुसऱ्या भागात किती फरक पडतो ते दहाव्या हंगामात (२०२३-२४) दिसलं. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. ५ कोटींच्या पिशवीतले निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर! पवन मोठा खेळाडू, त्यात वाद नाही. पण टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकले आणि शेवटच्या नंबरावर राहिले. पुणेरी पलटणनेही २ कोटी ३५ लाख देऊन इराणचा मोहम्मदरझा शादलूई घेतला. पण त्यांच्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी मुलं आधीच तयार होती. पलटणने २२ पैकी १७ जिंकले, फक्त २ हरले, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा लीग जिंकली.

मर्यादा दोघांना सारखीच होती. पलटणचा महागडा खेळाडू तयार संघात आला, एवढा फरक. तुमच्या धंद्यात महागडं मशीन किंवा चकचकीत दुकान घेण्याआधी स्वतःला विचारा, बाकीचे सहा खेळाडू तयार आहेत का?

आता पेणच्या गल्लीत या

मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक मूर्ती घेताना काय म्हणतं? "पेणचा गणपती आहे." कारखान्याचं नाव नंतर. पेण, हमरापूर, जोहे या भागात इतके कारखाने आहेत की शहराचं नावच मालाची ओळख बनलं. एकच कारखाना असता तर हे नाव झालं असतं का? शेजारचा कारखानदार तुमचा प्रतिस्पर्धी आहेच, पण पेणच्या नावाचा तो भागीदारही आहे. त्याने कच्चा रंग मारून मूर्ती पाठवली तर शिव्या "पेणच्या मालाला" पडतात, म्हणजे तुम्हालाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय मानांकन मिळालं, तेही कुणा एका शेतकऱ्याच्या नावाला नाही, त्या भागातल्या कांद्याला मिळालं.

आणि भाव पाडण्याचं गणित एकदा नीट बघा. समजा, पोह्याच्या पापडाचा किलोमागे तुमचा सगळा खर्च २२० रुपये, विक्री २६० ला. नफा ४०. शेजारणीला हरवायला तुम्ही २० रुपये कमी केले. भाव फक्त ८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला, पण नफा ४० चा २० झाला, म्हणजे निम्मा! तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट पापड लाटावे लागतील. आणि दोन दिवसांनी शेजारीणही २० ने उतरली की संपलं. गिऱ्हाईक तेवढंच, मेहनत तीच, घरात येणारा पैसा दोघींचा निम्मा. पुढचं पाऊल ठरलेलं असतं, पोहे हलके वापरायचे. तिथून पेणच्या पापडाचं नाव खाली येतं.

मग काय करायचं? या चार गोष्टी करून बघा.

१. खरेदी एकत्र करा. पोहे, शाडू माती, रंग, पॅकिंगच्या पिशव्या चार जणांनी मिळून मागवल्या तर भाव आणि गाडीभाडं दोन्ही कमी पडतं. बचत गटात असाल तर सवय आहेच.

२. हंगाम एकत्र मांडा. कबड्डीच्या वेळापत्रकासारखं. मुंबईतल्या प्रदर्शनाला चार जणींनी एक स्टॉल आणि एक टेम्पो वाटून घेतला तर कुणालाच तो जड जात नाही.

३. बदली खेळाडू ठरवून ठेवा. धाटाव एमआयडीसीत डबे देणाऱ्या ताई एक दिवस आजारी पडल्या तर ४० माणसं उपाशी राहतात आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर जाते. दोघींनी आधीच बोलून ठेवलं, "माझ्या अडचणीला तू, तुझ्या अडचणीला मी," तर दोघींची ऑर्डर वाचते.

४. हरताना एक गुण घ्या. अकराव्या हंगामापर्यंत प्रो कबड्डीत ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरलेल्या संघालाही १ गुण मिळायचा. २०२५ पासून ती पद्धत बदलली, पण आपल्याला ती उपयोगाची आहे. तुमच्याकडे गिऱ्हाईकाला हवी ती मूर्ती नसेल तर "नाही" म्हणून पाठवू नका. "समोरच्या काकांकडे मिळेल, माझं नाव सांगा," म्हणा. तो सामना तुम्ही हरलात, पण गिऱ्हाईक पेणमध्येच राहिलं. पुढच्या वेळी काकाही तुमच्याकडे पाठवतील.

एक सावधगिरी. एकत्र बसून "यापेक्षा कमी भावात कुणी विकायचं नाही" असा करार करू नका. स्पर्धा कायद्याला ते मंजूर नाही, आणि गिऱ्हाईकाशीही ती लबाडीच. भाव ज्याचा त्याने ठरवायचा. फक्त आपला खर्च पै-पैशाने माहीत असू द्या आणि त्याच्या खाली जाऊ नका. चव, फिनिशिंग, वेळेवर डिलिव्हरी, गोड बोलणं, यात मात्र खुशाल जीव तोडून स्पर्धा करा. मॅटवर दया नाही!

गृहपाठ

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "एकत्र", उजवीकडे "माझं माझं" असं लिहा. तुमच्या धंद्यातली प्रत्येक गोष्ट, म्हणजे कच्चा माल, वाहतूक, कृती, गिऱ्हाईकांची यादी, पॅकिंग, जाहिरात, यांपैकी एका बाजूला टाका. कृती आणि गिऱ्हाईकांची यादी उजवीकडेच राहू द्या, भावनेच्या भरात वाटून टाकू नका. मग डावीकडची फक्त एक गोष्ट निवडा आणि या आठवड्यात तुमच्यासारखाच धंदा करणाऱ्या एका माणसाकडे चहाला जा. पहिल्याच दिवशी भागीदारीचं बोलू नका. एवढंच विचारा, "तुम्ही पिशव्या कुठून मागवता?"

माझ्या समोरच्या दुकानदाराशी मी तीन वर्षांत एकदाही चहा प्यायलो नाही. दोघांनी इयत्ता जरी वाटून घेतल्या असत्या, तर पालकांना पनवेल गाठायची गरज पडली नसती. तुम्ही तेवढी वाट बघू नका. चहा कसा झाला ते खाली नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत दम टिकवा, मध्यरेषा गाठा!