घटक ५ : पवित्र अवशेष आणि राजसत्ता

५.१ प्रास्ताविक

मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात संतांच्या अस्थी, त्यांची वस्त्रे, तसेच येशूच्या दुःखसहनाशी निगडित मानलेल्या वस्तू यांना ‘पवित्र अवशेष’ म्हणत. लॅटिन भाषेतील त्यांचे नाव ‘रेलिक्विए’. त्याचा मूळ अर्थ ‘मागे उरलेले’ एवढाच. अशा वस्तूंमुळे राजाच्या अधिकाराला बळ कसे मिळे आणि त्यात भाषेचा वाटा कोणता, हे या घटकात फ्रान्सचा राजा नववा लुई (कारकीर्द १२२६–१२७०) याच्या उदाहरणावरून पाहू.

५.२ गहाण पडलेला मुकुट

१२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि तेथे पाश्चात्त्य सम्राटांची सत्ता स्थापन झाली. ही सत्ता पुढे कर्जबाजारी झाली. येशूच्या मस्तकावर ठेवलेला काटेरी मुकुट तो हाच, अशी श्रद्धा असलेला अवशेष त्या नगरात होता. तो व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला. सम्राट दुसरा बाल्डविन याने तो आपला नातलग लुई यास देऊ केला.

येथे एक अडचण होती. अवशेष विक्रीस मांडू नयेत, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला होता. शिवाय विकत घेतलेल्या वस्तूतून दैवी कृपा सिद्ध होत नाही. म्हणून व्यवहाराचे वर्णन वेगळ्या शब्दांत झाले : सम्राटाने मुकुट ‘भेट’ दिला आणि राजाने कर्ज फेडून तो ‘सोडवला’.

५.३ एका शब्दाचे दोन अर्थ

लॅटिन ‘रेदेम्प्तिओ’ या शब्दाचा अर्थ मोल देऊन सोडवणे. मानवजातीला पापातून सोडवणाऱ्या ख्रिस्ताच्या कार्यालाही हाच शब्द लावतात. मराठीतही असेच एक उदाहरण आहे. सावकारी व्यवहारात ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार. दोन्ही भाषांत एकच शब्द बाजारात आणि प्रार्थनेत वावरतो. देणेघेणे आणि भक्ती यांच्यामधली सीमारेषा भाषेत किती पुसट असते, हे यातून ध्यानात येते.

५.४ नम्रतेतून अधिकार

ऑगस्ट १२३९ मध्ये लुई मुकुटाला सामोरा गेला. साँस नगरात प्रवेश करताना त्याने व त्याचा भाऊ रॉबेर याने मुकुट वाहून नेला. राजा अनवाणी होता आणि अंगावर साधा अंगरखा होता. राजचिन्हे उतरवून ठेवणारा राजाच सर्वश्रेष्ठ मुकुटाचा रक्षक ठरला. त्यानंतर पॅरिस येथे राजवाड्याच्या आवारात ‘सेंट-शापेल’ हे प्रार्थनामंदिर उभारले गेले. २६ एप्रिल १२४८ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. मुकुट नगराच्या मुख्य चर्चमध्ये न ठेवता राजाने आपल्या निवासाशेजारी ठेवला, ही बाब महत्त्वाची आहे. त्यातील काटे भेट म्हणून देण्याचा मानही राजाकडे आला. घेणारा राजा आता दाता झाला.

५.५ मर्यादा

अवशेष मिळाला की अधिकार आपोआप वाढतो, असे मात्र नाही. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२४७ मध्ये येशूच्या रक्ताची मानलेली कुपी साध्या वेशात, पायी चालत वेस्टमिन्स्टरला नेली. तिच्या सत्यतेविषयी तेव्हाच शंका निघाल्या आणि फ्रान्समधील मुकुटासारखी लोकमान्यता तिला लाभली नाही. विधी तोच होता; समाजाची संमती कमी पडली.

५.६ सारांश

अवशेषाचे सामर्थ्य वस्तू, विधी, शब्द आणि लोकांची मान्यता या चारांच्या मेळातून निर्माण होते. १२९७ मध्ये लुईला संतपद मिळाले आणि पुढे त्याच्याच अस्थी अवशेष म्हणून पूजल्या गेल्या.

स्वाध्याय

१. ‘विकत घेणे’ आणि ‘सोडवणे’ या क्रियापदांतील अर्थभेद लुईच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील व्यवहार आणि श्रद्धा या दोन्ही क्षेत्रांत वापरले जाणारे तीन शब्द शोधून त्यांचे अर्थ लिहा.