सर्वेक्षणातील आधीचा आकडा उत्तर बदलतो का?

हो, बदलतो. अंदाज बांधताना मन समोर आलेल्या पहिल्या आकड्याला धरून बसते आणि तिथून पुरेसे दूर सरकत नाही. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी 1974 मध्ये हे दाखवले. संयुक्त राष्ट्रांतील आफ्रिकी देशांचे प्रमाण किती, या प्रश्नावर फिरत्या चक्रावर 10 आकडा आलेल्यांच्या उत्तरांचा मध्यक 25 टक्के होता, 65 आलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता.

समजा, दिल्लीतील पहाडगंजच्या मेन बाजारात प्रवाशांना विचारले, ‘खोलीचे योग्य भाडे 500 रुपयांहून जास्त की कमी? नेमके किती?’ दुसऱ्या गटासाठी 500 च्या जागी 3000 घातले, की उत्तरे वर सरकण्याचीच शक्यता अधिक. नवख्या प्रवाशावर परिणाम जास्त, कारण त्याला दर ठाऊक नसतो.

उत्तरासाठी दिलेल्या पर्यायांचे गटही असेच फसवतात. 1985 मधील एका जर्मन अभ्यासात दूरदर्शन रोज अडीच तासांहून अधिक पाहतो म्हणणारे कमी वेळेच्या पर्यायांवर 16.2 टक्के होते, तर जास्त वेळेच्या पर्यायांवर 37.5. म्हणून शक्य तिथे आकडा न सुचवता विचारावे. सुचवावाच लागला तर वेगवेगळ्या गटांना वेगळे आकडे द्यावेत. कोणताही निष्कर्ष वाचताना वाचकांनी मूळ प्रश्न जरूर मागावा.