गुडघ्याचे टक्के

चि. सौरभ,



रुग्णालयात अपघातग्रस्त कामगारांना दाखले द्यायचं काम आता तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. हे पत्र त्यासाठीच. माझी सगळी वकिली कामगारांच्या बाजूने झाली, हे लक्षात ठेवूनच वाच.

तुम्ही डॉक्टर गुडघा किती वाकतो, स्नायूंत किती जोर उरला, सांधा किती डगमगतो हे पाहून पायाचं अपंगत्व काढता. नुकसानभरपाईच्या खटल्यात मात्र प्रश्न असतो तो त्या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली हा. नोव्हेंबर २०२५पूर्वीच्या अपघातांना लागू असलेल्या १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयव तुटल्याचे टक्के छापलेले आहेत. मांडीच्या मध्याखालून गुडघ्याखाली ८.८९ सेंटिमीटरपर्यंत पाय कापावा लागला, तर ६० टक्के. पण आखडलेला किंवा लिगामेंट तुटून लटपटणारा गुडघा त्या यादीत नाही. अशा वेळी कलम ४ ते काम डॉक्टरवर सोपवतं: अनुसूचीतले टक्के नजरेसमोर ठेवून कमाईचं नुकसान तूच ठरवायचंस.

आता एक हमाल डोळ्यांपुढे आण. गुडघा नव्वद अंशांवर अडतो. तुझ्या खोलीत तो खुर्चीवर नीट बसतो, सपाट फरशीवर चालूनही दाखवतो. पण पोतं पाठीवर घ्यायला त्याला गुडघ्यात वाकून उठावं लागतं, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून ओझ्यासकट उतरताना सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. दाखल्यावर ‘उजवा गुडघा, कायम अपंगत्व २० टक्के’ एवढीच ओळ असेल, तर यातलं काहीच खटला ऐकणाऱ्या आयुक्तांपर्यंत पोचत नाही. उलटतपासात पहिला प्रश्न येतो, ‘हे टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे?’ दुसरा, ‘हा काय काम करतो, विचारलं होतंत?’ भले भले सर्जन इथे गप्प होताना मी पाहिले आहेत. आणि त्या गप्प बसण्याची किंमत हमाल मोजतो.

किंमत किती, तेही पाहा. वय ४०, हिशेबात धरायची मजुरी १५,००० रुपये. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले त्या वयाचा गुणक १८४.१७. पूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये. वीस टक्क्यांनी हातात येतात ३,३१,५०६. कमाईचं नुकसान साठ टक्के ठरलं, तर ९,९४,५१८.

‘कमी पडलं तर अपील आहेच’ असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस. त्याच कायद्याच्या कलम ३०खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. वस्तुस्थितीबाबत शेवटचा शब्द आयुक्तांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने गोल्ला राजन्ना प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. गुडघा किती वाकतो हे अपिलात कुणी नव्याने मोजत नाही. तुझा कागद आणि तुझी साक्ष हीच तिथली सामग्री. विमा कंपनीचं अपील आलं, तरी सविस्तर दाखल्यावर उभा असलेला निकाल सहसा हलत नाही.

प्रतापनारायण सिंह देव प्रकरण जरूर वाच. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालक अनुसूचीतल्या टक्क्यांवर बोट ठेवून होता. न्यायालयाने पाहिलं ते सुतारकाम; एका हाताने ते होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरलं. निकाल १९७५चा आहे, आणि आजही आम्ही रोज त्याचा आधार घेतो.

म्हणून दाखल्यात पायाचे टक्के वेगळे लिही, कमाईच्या नुकसानीचे वेगळे, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर कसा आलास ते चार ओळींत सांग. गोनिओमीटरचे अंश दोन्ही गुडघ्यांचे दे. मांडीचा घेर दोन्हीकडे एकाच उंचीवर मोज. त्याला उकिडवं बसायला सांग, जिना चढायला-उतरायला लाव, आणि जे दिसलं ते लिही. कामाचं नाव पुरत नाही. दिवसभर तो नेमकं काय उचलतो, कुठे चढतो, हे त्याच्याच तोंडून ऐकून नोंदव. फिजिओथेरपी चालू असताना ‘कायम’ हा शब्द वापरू नकोस. झीज आधीपासूनची असेल, तर तीही लपवू नकोस.

दया येईल, आणि यावीच. पण दयेपोटी टक्के फुगवू नकोस. फुगवलेला आकडा उलटतपासात कोसळतो, आणि त्याबरोबर त्या माणसाचं खरं दुखणंही खोटं ठरतं. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाचा गुडघा तितकाच आखडला असला, तरी त्याचं कमाईचं नुकसान हमालाएवढं नसेल; तसं लिहिताना कचरू नकोस.

साक्षीचं समन्स आलं तर तारखेला हजर राहा. तू गेला नाहीस तर पुढची तारीख पडते, आणि लंगडत आलेला माणूस एक दिवसाचा खाडा करून रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी मला फोन मात्र करू नकोस. साक्षीआधी एका बाजूच्या वकिलाशी बोलणं बरं नव्हे, मग ती मावशी का असेना. एरवी कायद्याचं काही अडलं तर रविवारी सकाळी मी घरीच असते.

तुझी,
सुधामावशी